जागल्याची शिक्षा आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य

सरकारी कारभारातील खोटेपणा आतून बाहेर आणणाऱ्या माणसाला मराठी वृत्तपत्रांनी 'जागल्या' असे नाव दिले आहे. ज्याने हा शब्द प्रथम वापरला त्याला तो गौरवाचा वाटला असणार. आमच्या घरात हा शब्द गौरवाचा नव्हता. गावगाड्यात जागल्या हे एक काम होते आणि ते बहुतेक गावांत महार, मांग, रामोशी, कोळी यांच्याच वाट्याला आलेले होते. रात्रभर गावाची राखण करायची, परका माणूस दिसला की पाटलाला वर्दी द्यायची, चोरी झाली तर माग काढायचा. माग निघाला नाही तर पहिला संशय त्याच्यावरच. गावाला झोप लागावी म्हणून जागणारा हा माणूस स्वतः गावाबाहेर राहत असे. माझ्या पणजोबांनी हे काम केले. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकी वतने गेली. त्या घरातला मी पहिला पदवीधर. म्हणून वर्तमानपत्रात 'जागल्या' हा शब्द वाचला की मला टाळ्या ऐकू येत नाहीत, एक प्रश्न ऐकू येतो. वर्दी पाटलाला द्यायची असा नियम आहे, पण चोर पाटीलच असेल तर?

हा प्रश्न घेऊन मी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'द पोस्ट' (२०१७) हा चित्रपट पाहिला. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात तो आता जवळजवळ पाठ्यपुस्तकासारखा दाखवला जातो. वृत्तपत्रस्वातंत्र्य शिकवायचे म्हणजे एक टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, एक आणीबाणी आणि एक हा चित्रपट, अशी आपल्या शिक्षकवर्गाची बैठक झालेली आहे. त्यामुळे या चित्रपटाची चर्चा केवळ चित्रपट म्हणून करून भागणार नाही.

कथा अशी आहे. १९६७ साली अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी व्हिएतनाममधील आपल्या देशाच्या धोरणाचा एक गुप्त अभ्यास करवून घेतला. ४७ खंड, सुमारे ७,००० पाने. युद्ध जिंकता येणार नाही हे सत्ताधाऱ्यांना ठाऊक होते आणि तरीही ते जनतेला उलट सांगत राहिले, हे त्या पानांत सरकारच्याच भाषेत लिहिलेले होते. डॅनियल एल्सबर्ग हे त्या अभ्यासात भाग घेतलेले तज्ज्ञ. त्यांनी १९६९ च्या ऑक्टोबरपासून रात्री-रात्री बसून त्याच्या प्रती काढल्या. १३ जून १९७१ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती सामग्री छापायला सुरुवात केली, सरकारने न्यायालयाकडून मनाई आणली, मग 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापायला घेतली. ३० जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला.

चित्रपटातील जमेची बाजू प्रथम सांगितली पाहिजे. कॅथरीन ग्रॅहम ही वडिलांकडून पतीकडे आणि पतीच्या मृत्यूनंतर आपल्याकडे आलेल्या वृत्तपत्राची मालकीण. पुरुषांनी भरलेल्या खोल्यांत तिचे बोलणे कोणी ऐकत नाही, तिच्या अधिकारपदावर तिचाच विश्वास नाही, आणि कंपनीचे समभाग बाजारात आणण्याच्या नेमक्या त्याच दिवसांत तिला हा निर्णय घ्यायचा आहे. ही घुसमट मेरिल स्ट्रीप यांनी फार समजुतीने उभी केली आहे. छपाईयंत्राची दृश्येही मनात राहतात. शिशाचे खिळे जुळवणारे कामगार, सुरू होणारे यंत्र, त्याने थरथरणारी इमारत. श्रमाचे असे चित्रण हॉलिवुडमध्ये सहसा दिसत नाही.

पण एल्सबर्ग कुठे आहेत? सुरुवातीला व्हिएतनामच्या चिखलात आहेत, विमानात आहेत, कागदांच्या प्रती काढताना आहेत, मोटेलच्या एका खोलीत कागदांच्या ढिगात बसलेले आहेत. पेटी पत्रकाराच्या हाती गेली की त्यांचे काम संपले. पुढचा सगळा नैतिक पेच मालकिणीचा आणि संपादकाचा. आपण छापले तर तुरुंगात जाऊ का, हा प्रश्न त्यांच्या भव्य दिवाणखान्यात चर्चिला जातो आणि प्रेक्षक श्वास रोखून पाहतो. ज्याचा तुरुंग खरोखरच तयार होत होता तो पडद्यावर नाही. निकाल लागतो, यंत्र चालू होते, आणि चित्रपट वॉटरगेटच्या घरफोडीकडे बोट दाखवून थांबतो.

निकाल ३० जूनचा. एल्सबर्ग यांनी बॉस्टनमध्ये स्वतःला सरकारच्या स्वाधीन केले ती तारीख २८ जून. म्हणजे वृत्तपत्रे सुटली त्याच्या दोन दिवस आधी सांगणारा माणूस आरोपी झालेला होता. त्यांच्यावर १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली आणि चोरीचे मिळून १२ आरोप ठेवले गेले. सगळे सिद्ध झाले असते तर शिक्षेची बेरीज ११५ वर्षे होत होती. सहआरोपी अँथनी रुसो यांनी ज्यूरीपुढे आपल्या मित्राविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला म्हणून ते आधीच दीड महिना तुरुंगात बसून आले. रुसोंचे नाव आज कोण घेतो? खटल्यात एल्सबर्ग यांच्या वकिलाने त्यांना विचारले की आपण हे कागद का उतरवले. सरकारी वकिलाने हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. 'का' हा प्रश्नच या कायद्यात बसत नाही. माणूस शत्रूला विकतो की जनतेला सांगतो, यात हा कायदा फरक करत नाही. पुढे ११ मे १९७३ रोजी खटला रद्द झाला तो एल्सबर्ग यांचे म्हणणे पटले म्हणून नव्हे. निक्सन यांच्या माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी केल्याचे उघडकीस आले, आणि सरकार इतके बदनाम झाले की खटला चालवणे अशक्य झाले. माणूस सुटला, कायदा तसाच उभा राहिला.

१९७१ चा तो निकाल नीट वाचला म्हणजे त्याची मर्यादा कळते. सरकारला छपाईआधी तोंड दाबता येणार नाही, एवढेच तो सांगतो. बहुमतातल्या न्यायमूर्ती व्हाइट यांनी तर छापून झाल्यावर फौजदारी कायद्याचा मार्ग मोकळा आहे याची आठवण सरकारला करून दिली होती. सांगणाऱ्याला या निकालाने काहीही दिले नाही. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा हा जो महान विजय सांगितला जातो तो छापणाऱ्याचा विजय आहे. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याचे स्वातंत्र्य, असा त्याचा सरळ अर्थ.

यावर कोणी म्हणेल की कलाकृतीला काय दाखवायचे ते ठरवण्याचा हक्क आहे. मान्य. परंतु या चित्रपटात ज्या वृत्तपत्राचा गौरव आहे त्याच्याच पुढच्या इतिहासाकडे पाहा. २०१० च्या सुरुवातीला इराकमध्ये नेमणुकीवर असलेली २२ वर्षांची चेल्सी मॅनिंग रजेवर अमेरिकेत आली होती. सैन्यातील अगदी खालच्या हुद्द्यावरची विश्लेषक. तिने पुढे लष्करी न्यायालयात सांगितले की आपण प्रथम 'वॉशिंग्टन पोस्ट'शी बोललो, पण आपल्याला गांभीर्याने घेतले जात आहे असे वाटले नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'ला निरोप ठेवला, त्याचे उत्तर आले नाही. मग ती 'विकिलीक्स'कडे गेली. बगदादमध्ये १२ जुलै २००७ रोजी अमेरिकन हेलिकॉप्टरने रस्त्यावरच्या माणसांवर गोळ्या झाडल्या आणि त्यात रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे दोन कर्मचारीही मेले, त्याचे चित्रण जगाने पाहिले ते या मुलीमुळे. मोठ्या वर्तमानपत्रांच्या दारात खालच्या हुद्द्याचा माणूस उभा राहिला तर त्याचे काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रसंग तर अधिक बोलका आहे. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकन सरकार कोट्यवधी लोकांच्या दूरध्वनींच्या नोंदी गोळा करते हे कागदपत्रांसह उघड केले. ते कागद छापल्याबद्दल 'गार्डियन'बरोबर 'वॉशिंग्टन पोस्ट'ला २०१४ चे लोकसेवेसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आणि सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच 'पोस्ट'च्या संपादकीयाने भूमिका घेतली की स्नोडेन यांना माफी देऊ नये! पारितोषिक कपाटात ठेवायचे आणि ज्याच्या कागदांवर ते मिळाले त्याला कोर्टात पाठवायचे. हे संपादकीय प्रसिद्ध झाल्यानंतर सव्वा वर्षाने 'द पोस्ट' हा चित्रपट आला. त्यात या गोष्टीची सावलीसुद्धा नाही.

आता शिक्षेकडे वळतो, कारण माझ्या मते खरा मुद्दा तिथे आहे. मॅनिंगला व्हर्जिनियातील क्वांटिको येथे नऊ महिने जवळजवळ एकांतकोठडीत ठेवले; छळाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधींनी ती वागणूक क्रूर आणि अमानुष ठरवली. ऑगस्ट २०१३ मध्ये तिला ३५ वर्षांची शिक्षा झाली. ओबामांनी जाताजाता ती कमी केली म्हणून ती मे २०१७ मध्ये बाहेर आली. तिने माणसांचे जीव धोक्यात घातले असा आरोप सतत होत असे. शिक्षेच्या सुनावणीत सरकारतर्फे आलेल्या निवृत्त सेनाधिकाऱ्याला त्या कागदांमुळे मारल्या गेलेल्या एकाही माणसाचे उदाहरण देता आले नाही.

त्याच देशात, त्याच काळात डेव्हिड पेट्रेयस नावाचे सेनापती होते. इराक आणि अफगाणिस्तानातील सैन्याचे प्रमुख, नंतर गुप्तचर संस्थेचे संचालक. त्यांनी गुप्त मोहिमा, छुप्या अधिकाऱ्यांची ओळख, राष्ट्राध्यक्षांशी झालेली बोलणी हे सर्व लिहिलेल्या आपल्या वह्या आपले चरित्र लिहिणाऱ्या बाईंना वाचायला दिल्या. तपास अधिकाऱ्यांशी खोटेही बोलले. २०१५ साली त्यांनी एका किरकोळ गुन्ह्याची कबुली दिली. दोन वर्षे चांगल्या वर्तणुकीची अट आणि १,००,००० डॉलर दंड. तुरुंगाचा एक दिवस नाही. आपली कीर्ती वाढावी म्हणून गुपित देणाऱ्याला दंड, आणि मेलेल्या माणसांची खबर जगाला मिळावी म्हणून गुपित देणारीला ३५ वर्षे.

बाबासाहेबांनी 'श्रेणीबद्ध विषमता' ही संज्ञा आपल्याला दिली ती जातिव्यवस्थेचे वर्म सांगण्यासाठी. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जो ग्रंथ जाळला गेला त्याचे दंडशास्त्रही असेच चढत्या-उतरत्या पायऱ्यांचे आहे. तिथे अपराध काय केला यापेक्षा कोणी केला आणि कोणाविरुद्ध केला याला महत्त्व. अमेरिकेत जात नाही, कायद्याच्या कलमात हुद्द्याप्रमाणे शिक्षा लिहिलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण कोणावर कोणते कलम लावायचे हे ठरवणारा हात सत्तेचा असतो, आणि त्या हाताला पायऱ्या बरोबर कळतात. वरून गळाले तर ती 'विश्वसनीय सूत्रांची माहिती'. खालून गळाले तर देशद्रोह. दिल्ली-मुंबईच्या वर्तमानपत्रांत मंत्र्यांच्या तोंडची किती गुपिते रोज छापली जातात! त्यासाठी कोणावर खटला झाल्याचे आपण ऐकतो का?

आपल्याकडे यासंबंधी एक मूलगामी विचार मांडला गेलेला आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. घटना समितीत मूलभूत हक्कांमध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्याचा स्वतंत्र उल्लेख हवा, अशी मागणी झाली होती. डिसेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी तिला उत्तर दिले. त्यांचा मुद्दा असा की वृत्तपत्राला नागरिकाहून वेगळे असे कोणतेही खास हक्क नाहीत. संपादक काय, व्यवस्थापक काय, ते नागरिक म्हणूनच लिहितात, म्हणून नागरिकाच्या अभिव्यक्तीच्या हक्कात त्यांचा हक्क येऊन जातो. पुष्कळांनी याचा अर्थ वृत्तपत्रांना कमी दिले असा लावला. मला तो उलट वाटतो. ज्या माणसाच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, त्याला यंत्राच्या मालकाचे स्वातंत्र्य आणि माणसाचे स्वातंत्र्य यातील फरक पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. छापणारा हा नागरिक म्हणून स्वतंत्र असेल, तर त्याला सांगणारा कारकून, परिचारिका, तलाठी, शिपाई हेही नागरिकच आहेत. हक्काचा उगम त्यांच्याकडे आहे.

व्यवहारात काय झाले? इंग्रजांचा १९२३ चा शासकीय गुपिते कायदा स्वतंत्र भारताने जपून ठेवला. २०१९ साली 'हिंदू' दैनिकाने राफेल विमानांच्या व्यवहारातील कागद छापले तेव्हा सरकारने सर्वोच्च न्यायालयात ते चोरीचे असल्याचे सांगितले. १० एप्रिल २०१९ रोजी न्यायालयाने सरकारची हरकत फेटाळली आणि तसे करताना १९७१ च्या त्याच अमेरिकन निकालाचा आधार घेतला. आपण सर्वांनी त्याचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण आधाराबरोबर त्या निकालाचे अपुरेपणही आपल्याकडे आले. कागद छापायला मोकळीक मिळाली. तो बाहेर आणणारा कायद्याच्या लेखी चोर तो चोरच.

जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, मे २०१४ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी तो अंमलात आणणारी अधिसूचना निघाली नव्हती. आणि तो अंमलात आला असता तरी? तक्रार नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच करायची, नाव दिल्याशिवाय करायची नाही, असे तो सांगतो. वर्तमानपत्राकडे जाणाऱ्याला त्यात संरक्षण नाही. वर्दी पाटलालाच! सत्येंद्र दुबे यांनी हेच केले होते. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचाराबद्दल या तरुण अभियंत्याने २००२ साली थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला लिहिले, नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. तपासयंत्रणेने तो लुटीसाठी झाल्याचे मांडले. पत्र नावासकट कोणी फिरवले, याचा जाब मात्र कोणाला द्यावा लागला?

हा प्रश्न आपल्या वाचकांच्या घरातला आहे. राखीव जागांमुळे आपली पहिली पिढी कचेऱ्यांत शिरली ती बहुतांशी खालच्या पायऱ्यांवर. कागद तिच्याच हातून जातो. माझा एक माजी विद्यार्थी अशाच एका कचेरीत लिपिक आहे. आईवडील ऊसतोडीला जात. नोकरी लागली तेव्हा त्याने पहिले काय केले तर त्यांचा कोयता सोडवला. मागासवर्गीय मुलांच्या शिष्यवृत्तीच्या याद्या त्याच्या टेबलावरून जातात आणि शाळेत कधीच नसलेली नावे त्यात त्याला दिसतात. मला म्हणाला, "सर, छापून आलं तर हाफिसात एका दिवसात कळंल कुणी दिलं. यादी माझ्याच टेबलावरनं जाती. साहेबाची बदली हुईल, माझं निलंबन." महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ त्याने पाठ केले आहेत, परवानगीवाचून माहिती बाहेर द्यायची नाही हे त्याला माझ्याहून चांगले कळते. त्याला भ्याड म्हणण्याचा अधिकार ज्याच्या घरात तीन पगार येतात त्याला नाही. निलंबनाची ऑर्डर सर्वांना सारखीच निघते, पण एकाच्या घरात ती एक अडचण असते आणि दुसऱ्याच्या घरात ती पुन्हा कोयता असते. शिक्षा अशीही श्रेणीबद्ध होते.

मिर्झापूरचे प्रकरण मी वर्गात मुद्दाम सांगतो. उत्तर प्रदेशातील त्या जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेत ऑगस्ट २०१९ मध्ये मुलांना मध्यान्ह भोजन म्हणून पोळीबरोबर नुसते मीठ वाढले गेले. पवन जायसवाल या स्थानिक पत्रकाराने त्याचे चित्रण केले. प्रथम शाळेच्या लोकांवर कारवाई झाली. मग चक्र फिरले आणि फसवणूक, कट, सरकारी कामात अडथळा अशा आरोपांखाली गुन्हा नोंदवला गेला तो जायसवाल यांच्यावर आणि त्यांना खबर देणाऱ्या गावातल्या माणसावर. छापील वर्तमानपत्राच्या पत्रकाराने छायाचित्र काढायचे सोडून चित्रफीत का काढली, असा सवाल जिल्हाधिकाऱ्यांनी केला! प्रेस कौन्सिलने दखल घेतली, देशभर ओरड झाली आणि काही महिन्यांनी पोलिसांनी जायसवाल यांचे नाव वगळले. मे २०२२ मध्ये ते कर्करोगाने गेले. उपचारांसाठी त्यांना लोकांकडे पैशांची याचना करावी लागली होती. खबर देणारा तो गावकरी मात्र अटकही झाला आणि ज्या बातम्यांनी पत्रकाराची बाजू घेतली त्यांत तो एका ओळीपुरता येतो. एल्सबर्ग-ग्रॅहम यांच्यातले अंतर मिर्झापूरच्या धुळीतही तेवढेच राहते. आणि इथे छापणारासुद्धा मालक नव्हता, तुटपुंज्या मिळकतीचा वार्ताहर होता.

आपल्या चळवळीच्या नियतकालिकांना ही फूट फारशी ठाऊक नव्हती, कारण आपल्याकडे सांगणारा आणि छापणारा बहुधा एकच असे. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला तेव्हा राष्ट्रध्वजाच्या अवमानाची शिक्षा आणि दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याची शिक्षा त्यांनी शेजारी-शेजारी ठेवून दाखवली होती. गदारोळ झाला तो ध्वजाबद्दलच्या वाक्यावर. कोणत्या अत्याचाराला किती दंड झाला हा ढाल्यांचा सवाल बाजूलाच पडला. वृत्तपत्रस्वातंत्र्याची मर्यादा सरकार घालते तशी वाचणारा समाजही घालतो.

आज आपली छोटी नियतकालिके पुन्हा निघत आहेत, तरुण मुले मोबाइलवर बातम्या चालवत आहेत. कचेरीतले आपले लोक कागद घेऊन यायचे तर त्यांच्याकडेच येतील, कारण मोठ्या वर्तमानपत्राच्या दारात त्यांचे काय होते ते वर आलेच आहे. तेव्हा संपादकांनी काही गोष्टी आधीच ठरवून ठेवल्या पाहिजेत. मूळ कागदाचे छायाचित्र जसेच्या तसे छापू नये. जावक क्रमांकावरून आणि हस्ताक्षरावरून माणूस सापडतो. बातमी एकाच टेबलावरून आली असेल तर माहितीच्या अधिकारात तोच कागद दुसऱ्या कोणाकडून मागवून घ्यावा आणि मगच छापावा. त्याला महिना-दीड महिना उशीर झाला तरी चालेल. निलंबन झालेच तर वकील कोण देणार आणि घर कसे चालणार, याची बोलणी कर्मचारी संघटनांशी बातमीच्या आधी व्हायला हवीत, नंतर नव्हे. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आम्ही माहितीच्या अधिकाराचा अर्ज तिऱ्हाइताच्या नावाने केला आहे. पहिले उत्तर आले आहे, अपुरे आहे. अपील दाखल आहे.